डोल्टवर पहिला डेटाबेस: कमिट, ब्रांच आणि मर्ज चुकू नयेत म्हणून कामाचा क्रम

डोल्ट हा एसक्यूएल डेटाबेस आहे, पण गिटसारखा टेबलांचा इतिहास ठेवतो. कमिट म्हणजे त्या इतिहासातली एक नोंद, ब्रांच म्हणजे कामाची वेगळी वाट, मर्ज म्हणजे दोन वाटा पुन्हा एकत्र करणे. डोल्टकडे येणारे बहुतेक जण दोनपैकी एका वाटेने येतात. काहींना गिट (कोडचा इतिहास ठेवणारे साधन) पाठ असते, काहींना माय-एसक्यूएल हा डेटाबेस. डोल्टच्या कमांड गिटसारख्या आणि क्वेरी माय-एसक्यूएलसारख्या असल्यामुळे सुरुवातीला सगळे ओळखीचे वाटते, आणि त्या ओळखीपायीच पुढे घोळ होतो. गिटवाला सर्व्हर चालू असताना टर्मिनलमधून ब्रांच बदलायला जातो. माय-एसक्यूएलवाला 'कमिट' लिहून निर्धास्त होतो आणि काही दिवसांनी इतिहास उघडतो, तर तिथे एकही नोंद नसते. पाय घसरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत, म्हणून खालचा क्रम पहिल्यांदा तरी न बदलता पाळा.

उदाहरणासाठी एका ग्रंथालयाचा डेटाबेस घेऊ. त्यात तीन टेबले: पुस्तके, सदस्य आणि देवघेव. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या लहान रोमन अक्षरांत टाइप करा; मोठे अक्षर सांगितले असेल तिथेच मोठे. ऑप्शनचे पूर्ण नाव असेल तर त्याआधी दोन जोडरेघा, एकच अक्षर असेल तर एक.

## ०. हात लावण्याआधी तीन गोष्टी ठरवा

प्रत्येक ओळ कशावरून ओळखायची? याचे उत्तर कागदावर लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. साध्या डेटाबेसमध्ये प्रायमरी की (ज्यावरून ओळ ओळखली जाते तो कॉलम) नंतर बदलता येते आणि फारसे बिघडत नाही. इथे ती बदलली की जुन्या आणि नव्या आवृत्तीतल्या ओळींची जोडी लावणे अशक्य होते.

काय ठेवायचे नाही? पासवर्ड, गुप्त किल्ल्या, लोकांची खासगी माहिती यांचा विचार आधी करा. 'डिलीट' क्वेरीने ओळ आजच्या टेबलातून जाते, इतिहासातून जात नाही. ज्याच्याकडे तुमच्या डेटाबेसचा क्लोन (इतिहासासह पूर्ण प्रत) आहे, त्याला ती जुन्या कमिटमध्ये सहज दिसते. इतिहास नव्याने लिहिण्याची सोय आहे, पण त्याने पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश (कमिटची ओळख असलेली अक्षरमाळ) बदलतात आणि आधी वाटलेले क्लोन परत मागवता येत नाहीत.

लिहिणारे किती? एकटेच काम करणार असाल तर सर्व्हरशिवाय, नुसत्या टर्मिनलवर बराच पल्ला गाठता येतो. दोघे-तिघे एकाच वेळी लिहिणार असतील तर सर्व्हर लागेल. तरीही आधी टर्मिनलवर एक पूर्ण फेरी करून घ्या. सर्व्हरचा टप्पा या लेखात मर्जनंतर ठेवला आहे तो याचसाठी.

## १. इन्स्टॉल करा आणि स्वतःची ओळख नोंदवा

डोल्ट ही एकच फाइल आहे. तिच्यासोबत वेगळा माय-एसक्यूएल किंवा गिट बसवावे लागत नाही. मॅकवर होमब्रूने, विंडोजवर इन्स्टॉलरने आणि लिनक्सवर गिटहबवरच्या इन्स्टॉल स्क्रिप्टने ती बसते. बसली की 'डोल्ट व्हर्जन' चालवून बघा.

मग लगेच 'डोल्ट कॉन्फिग' कमांडला 'ग्लोबल' आणि 'ॲड' हे ऑप्शन देऊन 'युजर डॉट नेम' आणि 'युजर डॉट ईमेल' या दोन किंमती भरा. त्या भरल्या नसतील तर पुढची पायरीच अडते, कारण नवा डेटाबेस तयार करतानाच डोल्ट पहिला कमिट करतो आणि त्यावर करणाऱ्याचे नाव लागते. 'टेस्ट' किंवा 'ॲडमिन' असले नाव टाकू नका. वर्षभराने एखादी किंमत कोणी बदलली हे शोधायची वेळ आली, तर हेच नाव समोर येणार आहे.

तपासा: 'डोल्ट कॉन्फिग' ला 'लिस्ट' ऑप्शन देऊन नाव आणि ईमेल दोन्ही दिसतात का ते पाहा.

## २. रिकाम्या फोल्डरमध्ये डेटाबेस सुरू करा

नवा फोल्डर बनवा, त्यात जा आणि 'डोल्ट इनिट' चालवा. फोल्डरचे नाव तेच डेटाबेसचे नाव होते. त्यात जोडरेघ किंवा मोकळी जागा ठेवलीत तर प्रत्येक क्वेरीत ते नाव उलट्या अवतरणचिन्हांत लिहीत बसावे लागेल, म्हणून लागल्यास अंडरस्कोर वापरा.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे होम फोल्डरमध्येच इनिट करणे किंवा आधीच्या डोल्ट फोल्डरच्या आत दुसरा डोल्ट सुरू करणे. गिटच्या प्रकल्पात ठेवायचाच असेल तर त्या प्रकल्पाच्या गिटइग्नोर फाइलमध्ये डोल्टचा लपलेला फोल्डर आठवणीने नोंदवा.

तपासा: 'डोल्ट लॉग' चालवल्यावर एकच कमिट दिसला पाहिजे. 'डोल्ट स्टेटस'ने तुम्ही 'मेन' ब्रांचवर आहात असे सांगितले पाहिजे.

## ३. टेबले बनवा, पण कीचा विचार करून

'डोल्ट एसक्यूएल' चालवले की क्वेरी लिहायची शेल उघडते. 'क्रिएट टेबल' नेहमीसारखेच. वेगळा विचार फक्त कीबद्दल करायचा आहे.

डोल्ट दोन आवृत्त्यांची तुलना करताना ओळी प्रायमरी कीवरून जुळवतो. पुस्तक क्रमांक २१४ कालही होते, आजही आहे, मधे त्याचा फक्त विषय बदलला, हे त्याला की सारखी असल्यामुळेच कळते. की नसलेल्या टेबलात तीच दुरुस्ती 'एक ओळ गेली, एक ओळ आली' अशी दिसते. अशा टेबलाचा डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) वाचता येत नाही आणि मर्जची शाश्वती राहत नाही.

की निवडताना:

- बदलू शकणारी गोष्ट की करू नका. पुस्तकाचे शीर्षक, सदस्याचा फोन, ईमेल या सगळ्या बदलतात. की बदलली की त्या ओळीचा आधीचा इतिहास तुटतो.
- कधी न बदलणारा क्रमांक कामातच असेल तर तो घ्या. ग्रंथालयातला दाखल क्रमांक यासाठी उत्तम.
- आपोआप वाढणारा क्रमांक एकाच सर्व्हरवर चालतो. तिथे सगळ्या ब्रांच मिळून तो पुढे सरकतो. पण दोघांनी आपापल्या संगणकावर क्लोन घेऊन काम केले तर दोघांकडेही ५०१ नंबरची वेगवेगळी ओळ तयार होते आणि मर्जच्या वेळी त्या एकमेकींवर आदळतात. क्लोन वाटले जाणार असतील तर देवघेवीसारख्या टेबलाला यूयूआयडी (दुसरीकडे पुन्हा न येणारी ओळख) घ्या, म्हणजे ३६ अक्षरांचा मजकूर कॉलम आणि त्यात 'यूयूआयडी' फंक्शनने भरलेली किंमत.

तात्पुरती, खटपटीची टेबले बनवायची सवय असेल तर 'डोल्ट_इग्नोर' या सिस्टिम टेबलात (डोल्टच्या स्वतःच्या टेबलात) त्यांच्या नावाचा नमुना टाका, म्हणजे ती चुकून इतिहासात शिरणार नाहीत. हे कमिट करण्याआधीच करावे लागते. एकदा इतिहासात गेलेल्या टेबलावर या यादीचा परिणाम होत नाही.

सावधान: दोन ब्रांचवर एकाच टेबलाची प्रायमरी की वेगवेगळी असेल तर डोल्ट ते टेबल मर्ज करत नाही. की बदलायचीच असेल तर सगळ्या ब्रांच आधी 'मेन'मध्ये मर्ज करून, एकट्या 'मेन'वर ती बदला आणि मग नव्या ब्रांच काढा.

## ४. टेबलांचा कमिट आधी, डेटा नंतर

रिकाम्या टेबलांचा वेगळा कमिट करा. बरेच जण टेबले आणि हजारो ओळी एकाच कमिटमध्ये घालतात. नंतर आयात चुकली असे लक्षात आले की मागे जायला मधला थांबाच उरत नाही, टेबलेही जातात.

'डोल्ट स्टेटस' चालवा. नवी टेबले 'अनट्रॅक्ड' म्हणून दिसतील. 'डोल्ट ॲड' पुढे टिंब देऊन सगळी उचला, मग 'डोल्ट कमिट' ला 'एम' ऑप्शन आणि संदेश द्या.

इथे एका अक्षराचा फरक फार महाग पडतो. कमिटला लहान 'ए' दिला तर फक्त आधीपासून इतिहासात असलेली, बदललेली टेबले उचलली जातात. नवे टेबल त्यात येत नाही आणि सोबत दुसरे बदल असतील तर कमांड तक्रारही करत नाही. नवी टेबलेही घ्यायची असतील तर मोठा 'ए' द्या. 'मी टेबल बनवले, कमिट केले, पुश केले (सामाईक प्रतीकडे पाठवले), सहकाऱ्याला मात्र दिसत नाही' या तक्रारीमागे अनेकदा हेच असते.

### 'कमिट' म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी

हा भाग सावकाश वाचा. बाकी सगळे यावर उभे आहे.

एसक्यूएलमधला 'कमिट' व्यवहार (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र लागू होणाऱ्या क्वेरींचा गट) पूर्ण करतो. त्याने तुमचे बदल डिस्कवर पक्के होतात, वीज गेली तरी राहतात, त्याच ब्रांचवरच्या इतरांना दिसतात. पण ते जातात कुठे? ब्रांचच्या वर्किंग सेटमध्ये, म्हणजे 'सध्या टेबले अशी आहेत' या अवस्थेत. इतिहासात अजून काहीच लिहिले गेलेले नाही. ही अवस्था पुढच्या बदलाने पुसली की मधल्या किमती परत मिळत नाहीत.

डोल्टचा कमिट ही दुसरी पायरी. टर्मिनलवर 'डोल्ट कमिट' किंवा क्वेरीत 'कॉल डोल्ट_कमिट' म्हटल्यावरच त्या अवस्थेची नोंद हॅश, नाव, वेळ आणि संदेशासह इतिहासात जाते. जुन्या आवृत्तीची क्वेरी, डिफ, मर्ज, पुश हे सगळे या दुसऱ्या कमिटवर चालते.

म्हणजे दिवसभरात शंभर व्यवहार झाले तरी डोल्टचे कमिट चार असू शकतात, आणि तसेच असावेत. एक कमिट म्हणजे एका कारणासाठी केलेले बदल. 'डोल्ट_ट्रान्झॅक्शन_कमिट' नावाचे एक सेटिंग आहे, ते चालू केले की प्रत्येक व्यवहाराचा आपोआप डोल्ट कमिट होतो. जुने ॲप्लिकेशन न बदलता त्याचा इतिहास हवा असेल तर ते उपयोगी आहे. शिकताना मात्र ते बंदच ठेवा. कशासाठी केले ते न लिहिलेल्या हजारो कमिटमधून हवा तो शोधणे फार जिकिरीचे असते.

तपासा: कमिटनंतर 'डोल्ट स्टेटस'ने कमिट करण्यासारखे काही उरले नाही असे सांगितले पाहिजे. टेबलाचे नाव अजून दिसत असेल तर ते मागे राहिले आहे.

## ५. डेटा आणा

माय-एसक्यूएलचा डंप (डेटाबेस क्वेरींच्या रूपात उतरवलेली फाइल) हाताशी असेल तर तो 'डोल्ट एसक्यूएल'ला इनपुट म्हणून द्या. सीएसव्ही असेल तर 'डोल्ट टेबल इम्पोर्ट' वापरा. त्याचे तीन ऑप्शन नीट ओळखा:

- सी नवे टेबल बनवतो. कॉलमचे प्रकार फाइलीतल्या किमती पाहून अंदाजाने ठरतात. अंदाजावर विसंबू नका; म्हणूनच टेबल आपण आधी हाताने बनवले.
- यू असलेल्या ओळी अद्ययावत करतो, नसलेल्या घालतो. फाइलीत नसलेल्या जुन्या ओळी मात्र तशाच राहतात.
- आर टेबलातला सगळा डेटा काढून फाइलीतला डेटा ठेवतो.

दर महिन्याला पूर्ण यादी नव्याने येत असेल तर 'आर' योग्य. 'यू' वापरत राहिलात तर रद्द झालेली पुस्तके कायम टेबलात राहतील. 'आर'मुळे डिफमध्ये सगळे टेबल बदललेले दिसेल अशी भीती अनेकांना वाटते. तसे होत नाही. तुलना किमतींची होते, त्यामुळे खरोखर बदललेल्या ओळीच दिसतात.

सावधान: अर्धवट उतरलेली फाइल 'आर'ने आत घेतली तर उरलेल्या सगळ्या ओळी शांतपणे जातात. म्हणून आयातीनंतर, कमिटच्या आधी, 'डोल्ट डिफ' ला 'स्टॅट' ऑप्शन देऊन किती ओळी आल्या, गेल्या, बदलल्या ते पाहा. गेलेल्या ओळींचा आकडा अपेक्षेपेक्षा मोठा असेल तर तिथेच थांबा. अजून कमिट झालेला नाही, 'डोल्ट रीसेट' ला 'हार्ड' दिला की टेबल मागच्या कमिटसारखे होते.

आकडे पटले की कमिट करा. संदेशात डेटा कुठून आला आणि कोणत्या तारखेचा आहे ते लिहा. 'अपडेट' एवढाच संदेश लिहिणार असाल तर इतिहास ठेवण्याचा निम्मा उपयोग तिथेच गेला.

## ६. दुरुस्तीसाठी ब्रांच काढा

'डोल्ट चेकआउट' ला 'बी' ऑप्शन आणि नवे नाव द्या. ब्रांच काढताना डेटाची प्रत होत नाही, त्यामुळे टेबल कितीही मोठे असले तरी ती क्षणात तयार होते. कंजुषी करू नका: एका कामाला एक ब्रांच, आणि नाव कामाचे द्या, माणसाचे नको.

'मेन'वर थेट लिहायचे नाही हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. एकटे असाल तरीही.

तपासा: लिहायला लागण्याआधी 'डोल्ट ब्रांच'. तारा ज्या नावापुढे आहे, तिथे तुम्ही आहात.

## ७. कमिट करण्याआधी डिफ वाचा

दुरुस्ती झाली की 'डोल्ट डिफ' पुढे टेबलाचे नाव द्या. आलेल्या ओळीपुढे अधिक, गेलेल्या ओळीपुढे उणे, आणि बदललेल्या ओळीची जुनी व नवी अशी जोडी दिसते. डिफ मोठा असेल तर आधी 'स्टॅट' पाहा, मग नमुन्यादाखल काही ओळी वाचा.

ही पायरी लोक सर्वांत जास्त गाळतात आणि डोल्ट घेण्याचे मुख्य कारण मात्र हीच आहे. 'अपडेट' क्वेरीत 'व्हेअर'ची अट चुकली तर साध्या डेटाबेसमध्ये ते वापरणाऱ्याच्या तक्रारीतून कळते. इथे ते कमिट करण्याआधी तुमच्या डोळ्यांसमोर असते: तीन पुस्तकांचा प्रकाशक बदलायचा होता आणि तीन हजार ओळी दिसत आहेत. बघितले तरच.

## ८. मर्ज

क्रम असा ठेवा:

1. आपल्या ब्रांचवर 'डोल्ट स्टेटस' स्वच्छ आहे याची खात्री करा.
2. आधी 'मेन' आपल्या ब्रांचमध्ये मर्ज करा. भांडण (कॉन्फ्लिक्ट) निघाले तर ते इथे, आपल्या ब्रांचवर सोडवा.
3. डिफ पुन्हा पाहा, चाचणीच्या क्वेरी चालवा.
4. मग 'मेन'वर जाऊन आपली ब्रांच मर्ज करा. दुसऱ्या पायरीमुळे इथे काही अडत नाही.

गिटमध्ये तुलना मजकुराच्या ओळींची असते. डोल्ट प्रत्येक ओळीतल्या प्रत्येक कॉलमची किंमत वेगळी पाहतो. एकाने २१४ क्रमांकाच्या पुस्तकाची पृष्ठसंख्या बदलली, दुसऱ्याने त्याच पुस्तकाचे कपाट बदलले, तर दोन्ही बदल राहतात. कॉन्फ्लिक्ट येतो तो एकाच जागी दोन वेगळ्या किमती असतील तेव्हा, एकाने बदललेली ओळ दुसऱ्याने काढली असेल तेव्हा, किंवा दोघांनी एकाच कीने वेगळ्या ओळी घातल्या असतील तेव्हा.

सावधान: कॉन्फ्लिक्ट आला नाही म्हणजे डेटा बरोबर आहे असे नाही. समजा, एकाने हातातली दुसरी आवृत्ती पाहून प्रकाशक बदलला आणि दुसऱ्याने पहिली आवृत्ती पाहून प्रकाशनवर्ष दुरुस्त केले. मर्ज सुरळीत होतो आणि कधीच न निघालेल्या आवृत्तीची नोंद तयार होते. एकत्र अर्थ असलेले कॉलम कोणते, ते तुम्हालाच माहीत असते. दोन्ही बाजूंनी बदललेल्या ओळी मर्जनंतर डोळ्यांखालून घाला.

### कॉन्फ्लिक्ट सोडवताना

टर्मिनलवर 'डोल्ट कॉन्फ्लिक्ट्स कॅट' पुढे टेबलाचे नाव दिले की मूळ, आपली आणि समोरची अशा तिन्ही किमती दिसतात. सगळ्या ओळींना एकच निर्णय लागू असेल तर 'डोल्ट कॉन्फ्लिक्ट्स रिझॉल्व्ह' ला 'अवर्स' किंवा 'देअर्स' द्या. मग 'ॲड' आणि 'कमिट'.

घाईत हे दोन ऑप्शन डोळे मिटून वापरले जातात. निर्णय ओळीनुसार वेगळा असेल तर 'डोल्ट_कॉन्फ्लिक्ट्स_' पुढे टेबलाचे नाव असलेल्या सिस्टिम टेबलातून किमती वाचा, मूळ टेबलात हवी ती किंमत 'अपडेट'ने लिहा आणि मग सिस्टिम टेबलातून ती ओळ काढा. ओळ काढणे म्हणजे 'हे मिटले' असे सांगणे. आधी काढलीत आणि दुरुस्ती विसरलात तर आपल्या बाजूची किंमत तशीच राहते.

हेच काम क्वेरीतून 'डोल्ट_मर्ज' ने करत असाल तर आधी ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरीनंतर व्यवहार आपोआप पूर्ण करणारे सेटिंग) बंद करा. तो चालू असताना कॉन्फ्लिक्ट आला की सगळा व्यवहार मागे घेतला जातो आणि सोडवायला काही हाती उरत नाही. 'मर्ज केला, एरर आली, कॉन्फ्लिक्टचे टेबल मात्र रिकामे' याचा अर्थ हाच.

### नात्यांची मोडतोड

आणखी एक प्रकार कॉन्फ्लिक्टमध्ये मोडत नाही, म्हणून बघायचा राहून जातो. एका ब्रांचवर सदस्य काढला गेला, दुसऱ्या ब्रांचवर त्याच सदस्याची नवी देवघेव नोंदली गेली. दोन्ही बदल वेगवेगळ्या टेबलांत, त्यामुळे भांडण नाही. पण मर्जनंतर देवघेवीची ओळ नसलेल्या सदस्याकडे बोट दाखवते. अशा ओळी 'डोल्ट_कन्स्ट्रेंट_व्हायोलेशन्स_' पुढे टेबलाचे नाव असलेल्या सिस्टिम टेबलात जमा होतात. मूळ ओळ दुरुस्त करा, मग या सिस्टिम टेबलातून नोंद काढा आणि कमिट करा. हे होण्यासाठी फॉरेन की (एका टेबलाची ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीशी बांधणारा नियम) मुळात लावलेली हवी. लावली नसेल तर कोणीच सांगणार नाही.

## ९. आता सर्व्हर

'डोल्ट एसक्यूएल-सर्व्हर' चालवला की माय-एसक्यूएलचा कोणताही क्लायंट जोडता येतो. पोर्ट ३३०६. त्याच संगणकावर माय-एसक्यूएल चालू असेल तर 'पोर्ट' ऑप्शनने दुसरा द्या. सुरुवातीला त्याच संगणकावरून जोडण्यापुरता 'रूट' वापरकर्ता मिळतो, पासवर्डविना. पहिले काम पासवर्ड लावणे आणि ॲप्लिकेशनसाठी कमी अधिकारांचा वेगळा वापरकर्ता बनवणे. हे वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार इतिहासात नोंदले जात नाहीत, पुश केल्यावर सोबतही जात नाहीत. नव्या सर्व्हरवर ते पुन्हा बनवावे लागतात, तेव्हा त्याची स्क्रिप्ट जपून ठेवा.

टर्मिनलवरून इथे आल्यावर चार गोष्टी बदलतात.

ब्रांच प्रत्येक कनेक्शनची वेगळी असते. 'कॉल डोल्ट_चेकआउट' ने फक्त तुमचे कनेक्शन दुसऱ्या ब्रांचवर जाते. नवे कनेक्शन पुन्हा मूळ ब्रांचवर उघडते. कनेक्शन पूल (उघडी कनेक्शन पुन्हापुन्हा वापरण्याची सोय) वापरणाऱ्या ॲप्लिकेशनमध्ये हे घातक ठरते: एका कामाने ब्रांच बदलून कनेक्शन परत केले आणि पुढचे काम नकळत त्याच ब्रांचवर लिहू लागले. उपाय सोपा आहे. जोडतानाच डेटाबेसच्या नावापुढे तिरकी रेघ आणि ब्रांचचे नाव द्या, म्हणजे त्या कनेक्शनची ब्रांच ठरून जाते. शंका असेल तेव्हा 'सिलेक्ट ॲक्टिव्ह_ब्रांच' विचारा.

एका ब्रांचचा वर्किंग सेट सगळ्यांचा मिळून एक असतो. एकाच ब्रांचवर दोघे लिहीत असतील आणि तुम्ही मोठा 'ए' देऊन 'डोल्ट_कमिट' केला, तर दुसऱ्याने व्यवहार पूर्ण केलेले पण इतिहासात न नेलेले बदलही तुमच्या नावाने कमिट होतात. माणशी वेगळी ब्रांच ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

न नोंदलेले बदल सोबत येत नाहीत. टर्मिनलवर ब्रांच बदलताना शक्य असेल तर अर्धवट बदल तुमच्याबरोबर येतात. क्वेरीतून चेकआउट केला तर ते त्या ब्रांचवरच राहतात. बदल हरवले असे वाटले तर आधी जुन्या ब्रांचवर जाऊन पाहा.

सर्व्हर चालू असताना टर्मिनलचा 'डोल्ट चेकआउट' चालत नाही. ती बिघाडाची खूण नाही. क्वेरीतून ब्रांच बदला.

कोणत्या वापरकर्त्याने कोणत्या ब्रांचवर लिहावे हेही ठरवता येते. त्यासाठी 'डोल्ट_ब्रांच_कंट्रोल' हे टेबल आहे आणि सुरुवातीला त्यात सगळ्यांना सगळीकडे लिहिण्याची मुभा असते. 'मेन' खरोखर जपायचा असेल तर ती मुभा काढा. तोंडी ठरवलेला नियम पहिल्या घाईत मोडतो.

## १०. मागे पाहणे आणि मागे जाणे

नुसते पाहायचे असेल तर काहीही बदलू नका. क्वेरीत टेबलाच्या नावापुढे 'ॲज ऑफ' लिहून कमिटचा हॅश, ब्रांच किंवा तारीख द्या. त्या वेळचे टेबल समोर येते. एकाच पुस्तकाची सगळी जन्मकुंडली हवी असेल तर 'डोल्ट_हिस्टरी_' पुढे टेबलाचे नाव असलेले सिस्टिम टेबल वापरा. तिथे 'व्हेअर'मध्ये प्रायमरी की द्यायला विसरू नका. प्रत्येक कमिटमधली प्रत्येक ओळ म्हणजे केवढा पसारा होतो, हे एकदा विसरलात की कळेल. कोणती ओळ शेवटी कोणी बदलली, एवढेच हवे असेल तर 'डोल्ट ब्लेम' पुरते.

बदल उलटवायचा असेल तर आधी एकच प्रश्न विचारा: हा कमिट दुसऱ्या कोणाकडे गेला आहे का? गेला असेल तर 'डोल्ट रिव्हर्ट'. तो उलटा बदल करणारा नवा कमिट जोडतो आणि इतिहास शाबूत राहतो. गेला नसेल तरच 'रीसेट हार्ड'ने मागे सरका.

सावधान: 'रीसेट हार्ड'ने न नोंदलेले बदल कायमचे जातात. मात्र कधीच ॲड न केलेले नवे टेबल त्याने जात नाही, तसेच पडून राहते.

## ११. रिमोट, बॅकअप आणि साफसफाई

'डोल्ट रिमोट ॲड' ने रिमोट (डेटाबेसची दुसरीकडची प्रत) जोडा. तो डोल्टहबवर (डोल्ट डेटाबेस ठेवण्याच्या संकेतस्थळावर) असू शकतो, क्लाउड स्टोरेजमध्ये किंवा साध्या दुसऱ्या फोल्डरमध्येही. सरावासाठी फोल्डरच बरा. फक्त तो डेटाबेसच्या फोल्डरच्या आत ठेवू नका. डोल्टहबवर पुश करण्याआधी 'डोल्ट लॉगिन' लागते.

रोजचा क्रम: आधी 'पुल' (रिमोटवरचे नवे कमिट आणणे), मग काम, कमिट, पुन्हा 'पुल', शेवटी 'पुश'. जबरदस्तीने पुश करण्याचा ऑप्शन आहे हे विसरून जा.

पुश म्हणजे बॅकअप नाही. पुश केलेल्या ब्रांचचे कमिट जातात. वर्किंग सेटमधले बदल जात नाहीत, आणि न पाठवलेल्या ब्रांच तर नाहीतच. अर्धवट कामासह सगळे हवे असेल तर 'डोल्ट बॅकअप' वेगळा जोडून त्याचा 'सिंक' चालवा.

मोठ्या आयातीनंतर फोल्डर अपेक्षेपेक्षा फुगलेला दिसला तर घाबरू नका. मधल्या, कशाशीही न जोडलेल्या तुकड्यांनी तो फुगतो. 'डोल्ट जीसी' ते काढून टाकतो, कमिट केलेला इतिहास नाही. चालत्या सर्व्हरवर तो गर्दी नसलेल्या वेळी चालवा.

शेवटची तपासणी: रिमोटवरून 'डोल्ट क्लोन' करून डेटाबेस एका वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. दोन्हीकडे 'डोल्ट लॉग' चालवा. सर्वांत वरच्या कमिटचा हॅश अक्षरशः सारखा असला पाहिजे. मग क्लोनमध्ये तिन्ही टेबलांच्या ओळी मोजा. हॅश वेगळा आला तर पुश अपुरा राहिला आहे. हॅश सारखा आणि एखादे टेबल मात्र गायब असेल, तर मूळ फोल्डरमध्ये 'डोल्ट स्टेटस' पाहा: ते टेबल अजून 'अनट्रॅक्ड' यादीत बसलेले सापडेल.